ताईचा फोटो आणि फिरणारी स्क्रीन

आमच्या धंद्यातली नवी पोरं मला अधूनमधून विचारतात, काका, कॅमेरा घ्यायचाय, फिरत्या स्क्रीनचा घेऊ की साधा? वडखळच्या नाक्यावर चहा पिताना तर हा वाद हमखास निघतो. लग्नाच्या हंगामात पेणचे आम्ही सगळे फोटोवाले कुठे कुठे पांगलेले असतो, पण घरी परतताना वडखळला थांबतोच, त्यामुळे कुणी ना कुणी भेटतं. एक म्हणतो, स्क्रीन फिरली नाही तर हळदीच्या गर्दीत डोक्यावरून फोटो घेणार कसा? दुसरा म्हणतो, जे फिरतं ते मोडतं, बिजागरी गेली की कॅमेरा पाठवा मुंबईला आणि बसा हात चोळत. पूर्वी मी या वादात तावातावाने उतरायचो. हल्ली कपातला चहा संपवतो आणि गाडीला किक मारतो. पोरांना वाटतं, काका थकले. वाटू दे.

ज्यांचा या गोष्टीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक काच असते, तीत समोरचं चित्र दिसतं. पूर्वी ती पाठीला चिकटलेली असायची. आता ती एका बाजूने दारासारखी उघडते. वर करा, खाली करा, पार उलटी फिरवून समोर बसलेल्या माणसाकडे तोंड करा. तशी केली की ज्याचा फोटो काढायचा तो स्वतःलाच तीत बघतो, आरशात बघावं तसा.

मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केलेली आहे. ज्याला गुडघ्यावर बसता येत नाही त्याने फोटोग्राफर होऊच नये, असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग माझेच गुडघे गेले. एका बारशाला पाळण्यातल्या बाळाचा फोटो घ्यायला खाली बसलो तो उठताच येईना. शेवटी बाळाच्या दोन मावश्यांनी बगलेत हात घालून मला उभा केला आणि सगळं घर हसलं. त्याच आठवड्यात मी एकाचा वापरलेला कॅमेरा घेतला, फिरत्या स्क्रीनचा. घेतला, पण स्क्रीन मात्र पाठीला चिकटवूनच ठेवायचो. फोटो काढायचा तो डोळा लावून, ही सवय मोडवत नव्हती.

सवय म्हणतो, पण ती नुसती सवय नव्हती. डोळ्याला कॅमेरा लावला की फोटोवाल्याचं तोंड कुणाला दिसत नाही. याचा उपयोग मला जन्मभर झाला. मुलीची पाठवणी करताना बाप हमसाहमशी रडतो तेव्हा आपणही रडतो, पण ते कॅमेऱ्यामागे. कुणाच्या घरी वरमाय रुसून बसली आणि हसू आवरेना, तेही कॅमेऱ्यामागे. हायवेवर गडब गावाजवळ अपघात झाला की पूर्वी पोलीस मला फोटोसाठी बोलवायचे. तेव्हा मोबाइल नव्हते. रस्त्यावर जे पडलेलं असायचं ते मी नुसत्या डोळ्यांनी कधी बघितलं नाही. कॅमेरा मध्ये असला की पोटातलं वर येत नाही. आता ते फोटो हवालदारच मोबाइलवर काढतो आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

फिरती स्क्रीन खरोखर उपयोगी पडली असं त्या वर्षी एकदाच झालं होतं. खाडीच्या अंगाला एका गावाबाहेर बेने इस्रायलांचं जुनं कब्रस्तान आहे. आमच्यासारखीच मराठी बोलणारी ही ज्यू माणसं बहुतेक सगळी इस्रायलला निघून गेली, इथे मोजकी घरं राहिली. तिकडच्या एका बाईंनी पणजोबांच्या कबरीचा फोटो मागितला होता. दगड निम्मा जमिनीत खचलेला, वर गवत, आणि मराठी अक्षरं अगदी खालच्या अंगाला. गवत दाबून कॅमेरा जमिनीवर ठेवला, स्क्रीन वर फिरवली आणि उभ्या उभ्या अक्षरं वाचली. तेवढ्यापुरता मी त्या बिजागरीला मान दिला.

बाकी आता माझा धंदा म्हणजे मेलेल्या माणसांचा. जिवंत माणसांचे फोटो मोबाइलने खाल्ले. पण माणूस गेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो अजून स्टुडिओतच करून घेतात. दहाव्याच्या आत पाहिजे, बाराव्याच्या आत पाहिजे, नाक्यावर श्रद्धांजलीचा बॅनर लावायचाय तर आजच पाहिजे. येणारा माणूस बरोबर काय आणतो? आधार कार्ड. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो, ज्यात गेलेला माणूस मागच्या रांगेत तोंडात घास घेऊन उभा असतो. मग आम्ही मुंडकं तेवढं कापून घेतो, मोठं करतो आणि खाली दुसरं धड जोडतो. माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक निळा कोट आहे. पेण तालुक्यातले निम्मे मेलेले पुरुष तो घालून भिंतीवर बसलेत. बायकांसाठी एक हिरवी साडी आहे, जरीच्या काठाची. ज्यांनी हयातीत कधी कोट शिवला नाही, त्यांना मेल्यावर मी फुकटात घालतो. लोकांना हे आवडतं. रुबाबदार दिसतात म्हणतात.

माझ्या भावोजींनाही मी तोच कोट घातला होता. माझी मोठी बहीण रोह्याजवळच्या गावात दिलेली. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. भावोजी भातशेतीवाले, भात निघालं की त्याच रानात वाल टाकायचे. साधा सदरा आणि टोपी, याखेरीज मी त्यांना कशात बघितलं नाही. ते अचानक गेले. चांगला फोटो नव्हता, म्हणून मी कोट जोडला, काचेची फ्रेम करून नेली. ताई तेव्हा काही बोलली नाही. पुढे वर्षभराने एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, की रोज सकाळी उदबत्ती लावायला जाते आणि कुणा परक्याला ओवाळल्यासारखं वाटतं. मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर ताईला कावीळ झाली. आमच्याकडे कावीळ झाली की आधी माळ घालतात, दवाखाना मग. कसल्याशा झाडाच्या बोटभर काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवतात, ती माळ. ती आधी डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक ती सैल होते, कपाळावरून घसरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. माळ जेवढी खाली आली तेवढी कावीळ उतरली, असा हिशेब. काड्या सुकतात, गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबते, हे मलाही कळतं. पण लहानपणी मलाही घातली होती आणि मी बरा झालो होतो, म्हणून मी तिला हसत नाही. ताईची माळ पोटापर्यंत आली तरी ताई पिवळीच. अंगाला खाज सुटलेली, अन्न जाईना. तेव्हा भाचा तिला मुंबईला घेऊन गेला.

भाचा कंपनीत आहे, शिफ्टमध्ये काम करतो. शांत, आईवेडा मुलगा. मुंबईच्या डॉक्टरने त्याला बाहेर बोलावून सांगितलं, की कावीळ हे वरचं लक्षण आहे, आत स्वादुपिंडाला गाठ आहे आणि ती पसरलीय. आता घरी न्या आणि आवडेल ते खायला घाला. परतीच्या वाटेवर त्याने मला फोन केला. गाडीत आई शेजारी होती म्हणून धड बोलता येत नव्हतं, नुसतं हूं हूं करत होता. दुसऱ्या दिवशी एकटा असताना रडला. मग म्हणाला, की आईला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ती त्या धसक्यानेच जाईल.

इथे सगळे असंच करतात. आजारी माणसाला आजाराचं नाव सांगणं म्हणजे त्याचा गळा दाबणं, असं मानणाऱ्या घरांत आम्ही वाढलो. मलाही तेव्हा ते पटलं. मग सगळ्या घराने मिळून एक नाटक उभं केलं. कावीळ उलटलीय असं ताईला सांगितलं. पहिली माळ नदीत सोडली होती; ती ज्या म्हाताऱ्याने ओवून दिली होती त्याच्याकडूनच भाच्याने दुसरी आणली. सुनेने ताईच्या खोलीतलं आरशाचं कपाट वाळवी लागली म्हणून हलवलं. मोरीतला आरसा फुटला. तो आपोआप फुटला नव्हता. ताईचे केस सूनच विंचरायची, आणि विंचरताना रोज म्हणायची, आत्या, आज तोंडावर जरा तेज आलंय. गावातली माणसं भेटायला यायची, त्यांना दारातच समज दिली जायची. सगळे ताईसमोर बसून कावीळ या विषयावर बोलत. कुणाच्या कोणाला झाली होती, ती कशी उतरली, पथ्य काय. मीही दोनदा जाऊन तसंच बोलून आलो.

माघात भाच्याचा पुन्हा फोन आला. बरंच घुटमळल्यावर म्हणाला, “मामा, आईचा एक चांगला फोटो काढून ठेवा.” भिंतीसाठी, हे मला कळलं. ताईचा एकही धड फोटो नाही हे मला ठाऊक होतं. कॅमेरा समोर आला की तिचे डोळे मिटायचे. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये ती झोपलेली आहे. भावोजींसारखं तिचंही मुंडकं आधार कार्डावरून कापावं लागलं असतं. पण एवढ्या आजारात माझा फोटो कशाला, असं ती विचारणार. म्हणून भाच्याने सबब काढली, की मामाने नवा कॅमेरा घेतलाय आणि तो तुला दाखवायला येतोय. कॅमेरा घेऊन मला बरेच महिने झाले होते, पण ताईला काय माहीत.

दुपारी निघालो. वडखळ, गडब, नागोठणे. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललंय, धूळ एवढी की कॅमेऱ्याची पिशवी जॅकेटच्या आत घालून चालवत होतो. वाटेत मनात एकच घोकत होतो, हसत जायचं, हसत काढायचा आणि हसत परत यायचं. नागोठण्यानंतर रोह्याकडे वळलो तशी दोन्ही बाजूंना वालाची शेतं लागली, शेंगा धरलेल्या. ताई दर वर्षी मला वालाची पिशवी पाठवायची.

ती ओटीवर खुर्चीत बसून होती. मला बघून म्हणाली, “सकाळपास्नं बसलेय. बघू तुझा कॅमेरा.”

दोन आठवड्यांत ती अर्धी झाली होती. हाताची कातडी सैल, तोंड हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा राहिलाच नव्हता. दुसरी माळही पोटापर्यंत आलेली. पदरावरून ती माळ तिने नीट, सरळ ठेवलेली होती, दागिना ठेवावा तशी. भाचा पहिल्या शिफ्टला गेला होता, यायला अवकाश होता. सून पाण्याला गेली होती. मी कॅमेरा बाहेर काढला आणि तोंडातल्या तोंडात काहीबाही सांगत बसलो. हलका आहे, फोटो स्वच्छ येतो, अंधारातही येतो.

ताई असल्या उत्तरांवर थांबणारी नव्हे. आमच्या घरात ट्रान्झिस्टर बिघडला तर तो खोलून बसणारी तीच होती, मी नव्हे. तिने कॅमेरा मांडीवर घेतला, उलटासुलटा केला आणि पाठीवरच्या काचेच्या कडेला नख लावलं. “ही झडप कसली?”

स्क्रीन आहे, म्हटलं. उघडते. खाली बसायला लागू नये म्हणून. मी उघडून वर-खाली करून दाखवली आणि कॅमेरा तिच्या हातातून परत घेतला. चालू केला, पोटाशी धरला. तिच्या डाव्या बाजूने उजेड चांगला येत होता. लगेच दोन-चार फोटो काढून मोकळं व्हावं, असा माझा विचार.

“माझ्याकडं फिरते का?” तिने विचारलं.

नाही, म्हटलं.

“फिरते की. बिजागरी दिसतेय मला.” आणि मी काही करायच्या आत तिने हात लांब करून स्क्रीन स्वतःकडे फिरवली.

काय होतंय हे मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. हिसका देऊन कॅमेरा मागे घेतला असता तर त्याच क्षणी सगळं उघड झालं असतं. मी तसाच उभा राहिलो. स्क्रीन माझ्याकडून फिरली होती, त्यामुळे तीत काय दिसतंय ते मला कळत नव्हतं. मला फक्त बघणारी ताई दिसत होती.

आधी तिने कानामागचा केस सारखा केला. आरसा समोर आला की कुणीही करतं तसं. मग तो हात तिथेच राहिला. ती पुढे वाकली. एका बोटाने डोळ्याखालची कातडी ओढून तिने डोळा बघितला, मग दुसरा बघितला. गाल आत गेले होते तिथे बोटं फिरवली. कपाळावर फिरवली. मग पोटावरची माळ दोन बोटांत धरून वर उचलली आणि काचेसमोर धरली, जणू त्या दोघांना एकमेकांसमोर उभं करून विचारायचं होतं.

“ही तर इथवर आली,” ती म्हणाली. “मग डोळे असे कशे?”

इतक्या वर्षांत अशी वेळ आली की माझा हात आपोआप कॅमेरा तोंडाकडे न्यायचा. त्या दिवशी कॅमेरा पोटाशी होता, त्याची काच तिच्या हातात होती आणि माझं तोंड वर उघडं होतं. ताईने काचेवरून नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“कावीळ नाय ही,” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“सगळ्यांना म्हाईत हाय?”

“व्हय.”

“गावात पन?”

मी पुन्हा मान हलवली. तिला मरणाची भीती वाटली असेल, पण मला तेव्हा दिसला तो राग. येणारी-जाणारी सगळी बघायला येत होती तर, असं काहीसं ती म्हणाली. ती त्यांना बसवून सुनेला चहा करायला लावत होती, पुढच्या सालाला कुठल्या रानात वाल टाकायचा ते सांगत होती, बियाणं राखून ठेवलंय ते दाखवत होती. आणि समोर बसलेलं प्रत्येक माणूस मनात काय म्हणत असेल? “मलाच तेवढी वेडी ठेवलीत तुमी,” ती म्हणाली. हे ऐकताना मला माझीच किळस आली. काविळीच्या गप्पा मारणाऱ्यांत मीही होतो.

मग तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. मी खरं सांगितलं. आता खोटं बोलायला जागाच नव्हती. पावसापर्यंत निभेल असं वाटत नाही, म्हटलं. तिने ओटीसमोरच्या शेताकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, “म्हंजे लावणी नाय.”

मी रडलो. ओटीवर, भर दुपारी, कॅमेरा हातात धरून. ती मला उगी म्हणाली नाही. उलट डाफरली, की बंद कर ते, सून येईल. डोळे पुस. मी बाहीने डोळे पुसले. तेवढ्या वेळात तिने माळ पुन्हा पदरावर सरळ केली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. पुढचं ती अगदी सावकाश बोलली, बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं.

“त्याला सांगू नको.”

काय सांगू नको, ते मला आधी उमजलंच नाही.

“मला कळलं म्हणून. त्याला वाटतंय, त्यानं आयेला जपलं. वाटू दे त्याला. त्याला पुढं जन्म काढायचाय.”

मग माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “भिंतीवरचा काढायला आलायस ना? काढ मग. माझ्यावर कुणाची साडी चढवू नको. हीच राहू दे. माळ बी राहू दे, त्याला दिसली पायजे.”

मी स्क्रीन मिटली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. डोळा लावल्यावर जरा बरं वाटलं. तिथे आत मला कुणी बघू शकत नव्हतं.

“ते तोंडावरनं काढ,” ताई म्हणाली. “मी कुनाकडं बघून हसू, त्या पुढच्या भिंगाकडं? भिंग बघितलं की डोळे मिटतात माझे. तुझं तोंड दिसू दे.”

मी स्क्रीन पुन्हा उघडली, वर वळवली, कॅमेरा पोटाशी घेतला. आता तिच्या आणि माझ्या मध्ये काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, पण हसू येत नव्हतं तिला.

“आधी तू हस,” ती म्हणाली.

मी हसलो. कसा हसलो ते मला ठाऊक नाही, बघण्यासारखं नक्कीच नसणार, कारण ते बघून ताईला खरोखर हसू फुटलं. लहानपणी मी दांडी मारून घरी आलो आणि पोट दुखल्याचं सोंग केलं की हसायची तशी. डोळे उघडे होते. मी खाली स्क्रीनकडे न बघताच बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग सून पाण्याची कळशी घेऊन अंगणात आली आणि ताई तिला म्हणाली, बघ गो, मामाचा नवा कॅमेरा, झडपेचा.

फोटोग्राफरला फिरती स्क्रीन खरोखर लागते का, याचं उत्तर मला तिथे मिळालं असं म्हणायला हरकत नाही. चित्र चांगलं यायला ती लागत नाही. वाकावं, लोळावं, स्टूल आणावं, जमतं. पण फोटो काढताना तुमचं तोंड समोरच्याला दिसणार, याची तयारी असली पाहिजे. ती माझी नव्हती. हे मी वडखळच्या नाक्यावर पोरांना कसं सांगू? त्यांना बिजागरी किती वर्षं टिकते ते हवं असतं.

भाचा शिफ्ट सुटल्यावर आला. ओटीची पायरी चढायच्या आधीच ताईने त्याला हाक मारली आणि माळ उचलून दाखवली. कुठवर आलीय बघ, आता उतरली म्हणायची, असं म्हणाली. भाच्याचं तोंड उजळलं. त्याने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, बघा मामा कशी फसवलीय, अशा नजरेने. ताई त्याच्याकडे बघत होती. मी त्या दोघांना बघत होतो. चहा झाला, वालाची पिशवी मिळाली. जाताना अंगणाच्या कडेला भाच्याने हळूच विचारलं, आईला काही संशय तर नाही ना आला? नाही, म्हटलं.

पुढे अनेकदा गेलो. आम्ही दोघंच असलो तरी ताई त्या विषयावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. पथ्य विचारायची. तिसरी माळ आणली तेव्हा तीही तिने घालून घेतली. शेवटी शेवटी दुखणं असह्य झालं तेव्हासुद्धा मुलाला म्हणायची, कावीळ उतरताना असं होतंच. लावणी सुरू व्हायच्या आधी ती गेली.

फोटो मी दहाव्याच्या आत करून दिला. कोट नाही, साडी नाही, काही जोडलं नाही. एकच केलं. पिवळा रंग काढून टाकायला भाच्याने सांगितलं होतं, तो काढला. त्यामुळे फोटोत ताईचे डोळे पांढरे आहेत, गाल ओढलेले असले तरी तोंड तिचंच आहे, माळ पोटापर्यंत उतरलीय आणि ती हसतेय. कुणीही बघावं आणि म्हणावं, ही बाई आजारातून उठली.

बाराव्याला घर भरलेलं होतं. फोटो भावोजींच्या शेजारी लावला होता. येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे थांबत होता, आणि भाचा प्रत्येकाला तेच सांगत होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, पण हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. मला बघून त्याने मला हाताला धरून फोटोसमोर नेलं.

“बघा मामा, कशी हसतेय. शेवटपर्यंत कळू दिलं नाय आमी तिला.”

आजूबाजूची माणसं माना डोलवत होती. भाचा फोटोकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

“व्हय रे,” मी म्हणालो, आणि त्याच्या तोंडाकडे बघून हसलो.